दीपगृह आतून पाहिलंय? तुमचा अनुभव लिहा

कोकणात जाणारे गड बघतात, देवळं बघतात, मासे खातात आणि दीपगृहाचा फोटो लांबूनच काढून परततात. मला हे फार खटकतं. ही काही पडीक वास्तू नाही, अनेक ठिकाणी अजूनही रात्री कुणीतरी ड्यूटीवर असतं. जे आत गेलेत, तिथे राहिलेत, किंवा ज्यांना भर समुद्रात त्या उजेडाचा आधार झालाय, त्यांनी सविस्तर लिहावं.

सुरुवात मी करते. अलिबागजवळच्या थळहून होडीने खांदेरी बेटावर गेलो. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला इंग्रजांना नकोच होता. मराठी आरमाराच्या मायनाक भंडारींनी इंग्रजांच्या जहाजांना न जुमानता काम चालू ठेवलं. पुढे १८६७ मध्ये त्याच बेटावर इंग्रजांनी अष्टकोनी दीपगृह उभारलं आणि आज त्याला नाव आहे कान्होजी आंग्र्यांचं! मला याचं मनापासून समाधान वाटतं. किल्ल्याच्या खालच्या दगडांवर कालवं इतकी धारदार आहेत की चपला काढूच नका. वेतोबाचं देऊळ आणि धातूसारखा वाजणारा दगड बघून मगच टॉवरकडे वळा.

नागपूरहून

माझे बाबा दीपगृह खात्यात होते. लहानपणी आम्ही दीपगृहाच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. बदली झाली की शाळा बदलायची, समुद्र मात्र तोच. भिंगाला उघडं बोट लावायची आम्हाला सक्त मनाई. बाबा मऊ कापडाने एकेक लोलक पुसायचे, वरून खाली, घाई न करता. आमचं ते फिरतं भिंग पाऱ्यावर तरंगायचं. एवढं अवजड धूड, पण दोन बोटांनी ढकललं तरी हलायचं. सकाळी दिवा मालवला की पहिलं काम पडदे ओढायचं, कारण जे भिंग रात्री आतला उजेड बाहेर फेकतं, तेच दिवसा बाहेरचं ऊन आत गोळा करतं आणि आग लागू शकते. मग रजिस्टरमध्ये नोंद : दिवा कधी लावला, कधी मालवला, हवा कशी होती. तापाने फणफणलेले असतानाही बाबा चढून गेल्याचं मला आठवतं. आई चिडायची, पण थर्मास तीच भरून द्यायची.

डब्लिनहून

इथल्या वेक्सफर्ड परगण्यात हूक हेड नावाचं दीपगृह आहे. तेराव्या शतकात विल्यम मार्शलने बांधलेला टॉवर अजून चालू आहे! काही ठिकाणी भिंती चार मीटर जाड, वर जायला ११५ पायऱ्या. सुरुवातीला मठातले साधू इथे आग पेटती ठेवायचे. १९९६ पासून सगळं स्वयंचलित झालं. त्या दिवशी वारा असा होता की गॅलरीत कठडा सोडवेना. आई-बाबा पुण्याहून आले होते. बाबांनी दगडी जिन्याच्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, “आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली गेली, त्या शतकातलं हे.”

हर्णैहून

आमच्या बोटीवर जीपीएस आहे, मोबाइल आहे. तरी तांडेल (बोटीचा प्रमुख) परतताना कनकदुर्ग किल्ल्यावरचा लाइट दिसल्याशिवाय स्वस्थ बसत नाही. यंत्र चुकू शकतं, बॅटरी उतरू शकते. लाइट लांबून ओळखतो तो झबक्यांवरून : किती झबके, मध्ये किती अंधार. शेजारच्या दोन दीपगृहांचा हिशोब सारखा नसतो, म्हणून तर आपण कुठे आहोत ते कळतं. मी कधी वर चढलेलो नाही. हे सगळं वाचून आता मुलीला घेऊन जाणार आहे.

रत्नागिरीहून

रत्नदुर्गाच्या टेकडीवरचं आमचं दीपगृह पाहायला सोपं. वरून मिरकरवाड्याच्या बोटी सुंदर दिसतात. प्रवेश संध्याकाळी थोडाच वेळ असतो, आधी फोन करून विचारा. शेवटची शिडी अरुंद आहे. गुडघे दुखत असतील तर हट्ट करू नका.

नागपूरच्या ताईंना एक विनंती : ते रजिस्टर भरताना हवेची नोंद नेमकी कशी करायचे, हे आठवत असेल तर लिहा ना. आणि जयगड, देवगड किंवा वेंगुर्ला रॉक्सला कुणी जाऊन आलंय का? वेंगुर्ल्याच्या खडकांवर पाकोळी पक्ष्यांची घरटी आहेत, त्यामुळे तिथे जाण्यासाठी वेगळी परवानगी लागते का, तेही सांगा.