कात्री कुठे लागते ते बघा
काही जण म्हणतात की कर एक पैसाही वाढवू नका, अनुदानं बंद करा, देशावरचं कर्ज आपोआप उतरेल. मला हे पटत नाही.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्च सुमारे ५०.६५ लाख कोटी. त्यातले १२.७६ लाख कोटी नुसत्या व्याजाचे, म्हणजे रुपयातले चार आणे. त्याला हात लावता येत नाही. मग कात्री लागते ती बांधकामांना, दुरुस्तीला, कारण ती लांबली तर लगेच कोणी ओरडत नाही. राज्यातही तीच तऱ्हा. आमच्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचलाय. ओहोटीला होडी चिखलात टेकते, भरती येईपर्यंत बांगडा बर्फात पडून राहतो, आणि लिलाव गाठेस्तोवर दर उतरलेला असतो. सरकारचा खर्च वाचला खरा, पण भुर्दंड आमच्या टोपलीवर.

करवाढ मलाही नको वाटते. पण ती होतेच, फक्त बोलून दाखवत नाहीत. मे २०२० मध्ये डिझेलवर लिटरमागे १३ रुपये वाढवले. त्याच्या आठ महिने आधी सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा करदर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला होता. तो थोडा वर न्या, मग अनुदानांकडे वळा. आणि अनुदान कापायचंच तर मोठ्या ट्रॉलरवाल्याचं आधी कापा, पाण्यात उभं राहून रापण, म्हणजे किनाऱ्याकडे ओढायचं लांब जाळं, ओढणाऱ्याचं नको.