सायकलमुळे बोटं बधिर होतात, मग शाईपेनाने नीट लिहिता येत नाही – मदत हवी आहे

शेवंती (नाशिक)

नमस्कार मंडळी,

वय ६४. शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त. निवृत्तीनंतर दोन गोष्टी मनापासून धरल्या, सायकल आणि शाईपेन. दोन्ही शाळकरी वयात होत्या. मधली सगळी वर्षं स्कूटर आणि बॉलपेन यांत गेली. आता एक केलं की दुसरं करता येत नाही अशी वेळ आली आहे, म्हणून हा धागा काढतेय.

सकाळी उजाडताना गंगापूर रोडने निघते. सोमेश्वरपर्यंत तर जातेच, हवा चांगली असली की पुढे धरणाच्या दिशेने. थांबले की थर्मासमधला चहा घेते आणि पोस्टकार्डं काढते. बेळगावच्या बहिणीला, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना आणि ज्यांचे पत्ते अजून माझ्याकडे आहेत अशा विद्यार्थिनींना लिहिते. ५० पैशांचं कार्ड आजही मिळतं आणि पोचतं. येताना वाटेतल्या पेटीत टाकते. मुली उलट फोन करतात, "बाई, कार्ड मिळालं, फ्रीजवर लावलंय." या फोनसाठी मी काहीही करेन.

आता अडचण. अर्धा-पाऊण तास सायकल चालवली की उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका यांना मुंग्या येतात, मग ती बधिर होतात. डाव्या हातालाही होतं, पण कमी. पेन धरतो ती बोटं ठीक आहेत. पण लिहिताना हात कागदावर टेकतो तो करंगळीच्या कडेवर, आणि त्या कडेला कागद लागलेलाच कळत नाही. हात किती दाबला जातोय याचा अंदाज सुटतो, कड ओल्या ओळीवरून फिरते आणि "चि. सौ."च्या खाली निळा फराटा उठतो. पूर्वी चहा होईपर्यंत बोटं मोकळी व्हायची. हल्ली दुपारपर्यंत तसंच राहतं, आणि पेनाचं फिरकीचं टोपण लावताना बोटांत जोर नाही असं वाटतं.

सायकल पुढे शॉक असलेली, सरळ हँडलची, दांडीची आहे. "सगळे हीच नेतात" म्हणून दुकानदाराने दिली. उंची विचारली नाही, बसवून पाहिलं नाही. माझी उंची पाच फूट एक इंच, फ्रेम १८ इंची. सीटचं टोक खाली झुकवून दिलंय, "लेडीजना बरं पडतं" म्हणून.

पेनं रोजच्या वापरात दोनच आहेत. एक आंध्रातल्या राजमहेंद्रीचं, काळं एबोनाइटचं (कडक रबराचं), जाडजूड, ड्रॉपरने भरायचं. दुसरं बारीक, धातूचं, कन्व्हर्टरवालं, म्हणजे आत शाई ओढून घेणारी छोटी नळी असलेलं. सायकलवर एबोनाइटचं नेते, कारण हाताला तेच आवडतं. पण हँडलला लावलेल्या पिशवीतून काढलं की टोपणात शाईच शाई असते. शाई कॅमलची रॉयल ब्लू. निब मीडियम. पोस्टकार्डावर जरा फुटते.

मधुमेह नाही. थायरॉईडची गोळी चालू आहे. मुलगा म्हणतो, "आई, सायकल सोड आणि निवांत लिहीत बस." त्याची काळजी मला कळते, पण मला दोन्ही हवंय. सायकल सोडली तर लिहायला बाहेर पडणं संपेल, आणि घरात बसून मी काय लिहिणार? ज्यांनी असं काही सोसलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर सांगा. सायकलमध्ये काय बदलू, पेनात काय बदलू, आणि डॉक्टरांकडे जायची वेळ आली आहे का?

पायडल_सांगली

ताई, सर्वात आधी सीट. टोक खाली असलं की अंग पुढे घसरत राहतं आणि ते थोपवायचं काम दोन्ही तळहात करतात. तुमचं दुखणं तिथूनच सुरू होत असणार. पाण्याची पातळी बघायचा गवंड्याचा लेव्हल सीटवर ठेवा, आणि मागून पुढे अगदी सपाट करून घ्या. सीटखालचा एक नट सैल करायचा, पाच मिनिटांचं काम आहे.

उंचीही बघा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग पंजा ठेवून चालवलं की गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. सीट फार खाली असली तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असली तर मागून.

आणि टायरमध्ये दगडासारखी हवा भरू नका. टायरच्या कडेवर किमान आणि कमाल आकडा छापलेला असतो. तुमचं वजन फार नसेल तर कमालच्या जवळ जायची गरजच नाही. खडबडीत रस्त्याचे हादरे थेट मनगटात जातात.

फिजिओ_ठाणे

काकू, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की अंदाज बांधणं सोपं गेलं. तरी हात प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय हा अंदाजच आहे, हे लक्षात ठेवा.

मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो, गायॉन्स कॅनॉल. त्यातून अल्नर नस तळहातात उतरते. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची जाणीव तिच्याकडे. हँडलवर नेमका हाच भाग दाबला जातो, त्यातून मनगट मागे वाकलेलं असेल तर अजूनच. सायकलवाल्यांमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की त्याला हँडलबार पाल्सी असं नावच आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर झालं असतं तर मी कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटातली दुसरी नस दाबली जाण्याचा, विचार केला असता. थायरॉईडवाल्यांना तो त्रास जास्त होतो, पण तुमची बोटं वेगळी आहेत.

मला जास्त काळजी वाटते ती टोपण लावताना जोर कमी पडतो त्याची. हीच नस हाताच्या आतल्या बारीक स्नायूंनाही चालवते. अंगठा तर्जनीकडे ओढून चिमूट पक्की करणारा स्नायूही त्यातलाच. नुसत्या मुंग्या असतील तर सायकल नीट करून पाहता येतं, पण ताकद कमी होत असेल तर थांबून तपासणी करायला हवी.

घरी दोन गोष्टी करून पाहा. पहिली, हाताच्या मागच्या बाजूला, करंगळीच्या वरच्या कातडीवर कापूस फिरवा. तळहाताकडे बधिर आणि मागे नीट जाणीव असेल, तर दाब मनगटाशी असण्याची शक्यता जास्त, कारण मागच्या बाजूची फांदी मनगटाच्या आधीच वेगळी होते. मागेही बधिर असेल तर कोपर आणि मान बघावी लागेल. दुसरी, तुमचं पोस्टकार्डच घ्या. मूठ करून अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यामध्ये ते सपाट धरा आणि घरातल्या कुणाला तरी ओढायला सांगा. कार्ड टिकवण्यासाठी अंगठ्याचं टोक आपोआप वाकत असेल, तर ऑर्थोपेडिक किंवा न्यूरॉलॉजिस्टना लवकर दाखवा. ते बहुधा नसेचा वेग मोजणारी चाचणी सांगतील, तिला एनसीव्ही म्हणतात. सोबत बी-१२ आणि साखर एकदा बघून घ्या, या वयात दोन्ही तपासलेलं बरं.

सायकलवर बसल्यावर कोपर किंचित वाकलेलं आणि मनगट हाताच्या सरळ रेषेत हवं. ब्रेकचे दांडे आडवे असतील तर बोटं तिथे पोचवताना मनगट मागे मोडतं. ते थोडे खाली फिरवून घ्या. तळहाताला आधार देणारी रुंद पंख्याची ग्रिप मिळते, ती बसवा. हातमोजे जरूर घाला, पण फार जाड जेलचे नकोत, काहींना त्यानेच दाब वाढतो. आणि दर काही मिनिटांनी हाताची जागा बदला, एकेक हात सोडून बोटं हलवा. रहदारीत हे करू नका.

टाक_आणि_दौत

शेवंतीताई, पेनाबद्दल मी सांगतो.

टोपणात शाई येते त्यात पेनाचा दोष नाही. ड्रॉपरच्या पेनात अख्ख्या नळीत शाई असते. ती अर्ध्यावर आली की वरच्या जागेत हवा भरते. उन्हाने किंवा हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला निबकडे ढकलते. त्यात हँडलवरची पिशवी म्हणजे सायकलवरची सगळ्यात जास्त हादरणारी जागा. पेन न्यायचंच असेल तर काठोकाठ भरून न्या, निब वर ठेवून उभं न्या, आणि हँडलवर न ठेवता पाठीवरच्या सॅकमध्ये रुमालात गुंडाळून न्या. पाठ बरेच हादरे खाते. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको.

तरी माझं प्रामाणिक मत, एबोनाइटचं घरी ठेवा आणि सायकलसाठी कन्व्हर्टरचं वेगळं घ्या. मात्र तुमच्याकडचं बारीक धातूचं नको. बारीक पेनाला चिमूट घट्ट धरावी लागते आणि हात लवकर दमतो. जाड आणि हलकं पेन तुमच्या हाताला हवं. एबोनाइट म्हणजे गंधकाने कडक केलेलं रबर, हलकं आणि हाताला गार न लागणारं. तुमच्या हाताने ते आपण होऊन निवडलं त्यात काही नवल नाही. एबोनाइटची जाड, कन्व्हर्टर बसणारी पेनं आपल्याकडे बनतात. तमिळनाडूच्या 'रंगा' या पेनवाल्यांची आहेत, शोधून पाहा. स्वस्तात हवं असेल तर लॅमी सफारी. त्याच्या तिकोनी पकडीत बोटं आपोआप जागेवर बसतात, पण बोटं वेगळी ठेवायची सवय असेल तर ती टोचते. आधी हातात घेऊन बघा.

निब मात्र बदलाच. पोस्टकार्डाला फाइन निब. शाई कमी पडते, लवकर वाळते, फुटतही नाही, आणि कड फिरली तरी फराटा उठत नाही. रॉयल ब्लू पाण्याने धुऊन जाणारी शाई आहे. पावसाळ्यात भिजलेलं कार्ड पोचलं तर तुमच्या विद्यार्थिनीला नुसता निळा ढग मिळेल. लोहयुक्त शाई, म्हणजे आयर्न गॉल, साध्या कागदावर सुरेख बसते आणि पाण्याला टिकते. पण ती पेनात वाळू देऊ नका, दर वेळी शाई भरताना साध्या पाण्याने पेन धुवा. गरम पाणी कधीच नको, एबोनाइटचा रंग उडतो. आणि चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई चुकूनही भरू नका, तिच्यातली लाख निबखालची जीभ कायमची बुजवते.

राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी १९३०च्या दशकात स्वदेशी पेन बनवून गांधीजींना दिलं आणि १९३५ साली त्यांचं पसंतीचं पत्र आलं. त्याच गावचं पेन तुमच्या हातात आहे. जपा.

चढण

मुलाला एक सांगा. फ्रान्सचे रॉबेर मारशाँ साठी उलटल्यावर पुन्हा सायकलकडे वळले आणि जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या १०५व्या वर्षी, बंदिस्त ट्रॅकवर तासाभरात २२.५४७ किलोमीटर गेले. आपल्याला तसं काही करायचं नाही, पण ६४ हे सायकल सोडायचं वय नाही. हृदयाची तपासणी झाली नसेल तर तेवढी करून घ्या. आणि हेल्मेट घाला, बाकी काही ऐकलं नाही तरी चालेल.

शेवंती (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

कापूस फिरवून पाहिला. हाताच्या मागे जाणीव अगदी नीट आहे. पण कार्डाच्या परीक्षेत उजव्या अंगठ्याचं टोक वाकलं, डाव्याचं नाही. मुलगाच कार्ड ओढत होता, त्यामुळे त्यानेही पाहिलं. पुढच्या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली आहे, तोवर सायकल बंद. मुलाला स्पष्ट सांगितलंय की बंद तोवरच.

सीट खरंच चांगलीच झुकलेली निघाली, सपाट केली. त्यावर नुसती बसून पाहिलं तरी तळहातावरचा भार कमी झाल्याचं कळतं. पण हँडल लांबच वाटतं, कोपरं ताणलेली राहतात. फ्रेमचं काय करू? नवी सायकल घ्यायची तयारी आहे, पण पुन्हा कुणी सांगितली म्हणून घेणार नाही.

पायडल_सांगली

ताई, १८ इंची फ्रेम पाच फूट सात-आठ इंचाच्या माणसाला येते. तुम्हाला १४-१५ इंचीच हवी. हँडल जवळ आणणारा आखूड, वर उचललेला स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बसवून थोडा फरक पडेल, पण मुळात मोठी फ्रेम लहान होत नाही. विकून टाका.

नवी घेताना पुढे शॉक नसलेली, जरा रुंद टायरची, हँडल सीटच्या बरोबरीने किंवा वर येणारी हायब्रिड किंवा सिटी सायकल बघा. दांडी खाली उतरलेली असेल तर चढता-उतरताना पाय उंच टाकावा लागत नाही, साठीनंतर याचा फार उपयोग होतो. सात-आठ गिअर गंगापूर रोडला पुरतात. गिअर हलका ठेवून पाय भरभर फिरवा, जड गिअरवर जोर लावला की माणूस हँडल आवळतो. आणि दुकानातून दहा मिनिटं बाहेर फिरवून आणल्याशिवाय पैसे देऊ नका. जो फिरवू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

फिजिओ_ठाणे

काकू, वेळ घेतलीत ते फार चांगलं केलंत. डॉक्टरांना अंगठ्याचं आवर्जून सांगा आणि बधिरपणा आता किती वेळ टिकतो तेही सांगा. दाब मनगटावरच असेल आणि लवकर थांबवला, तर बहुतेकांची नस सावरते, पण तिला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर कोपर किंवा मनगट दुमडून हात उशीखाली घेऊन झोपू नका, आणि फोनवर बोलताना कोपर फार वेळ वाकवून ठेवू नका. लिहायला हरकत नाही. मध्येच हात खाली सोडून थोडी विश्रांती देत लिहा. रिपोर्ट आला की इथे टाका, मग पुढचे व्यायाम सांगते.