हेवी डिपॉझिटची खोली नोटरीवर घेऊ नका
मुंबईत झोपडपट्टीतली खोली हेवी डिपॉझिटवर, म्हणजे भाड्याऐवजी मोठी परतीची रक्कम आधीच देऊन, घेताना करार नुसता नोटरी केला तरी पुरतो, असा समज असतो. तो नाही पुरत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, जबाबदारी मालकाची. खर्चाचा उगाच बाऊ होतो. डिपॉझिट ३ लाख, भाडं शून्य, मुदत ११ महिने धरा. शुल्कासाठी डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरतात, ते ११ महिन्यांचं २७,५००; त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे हिशोबाने सत्तरेक रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. एवढ्यासाठी ३ लाख वाऱ्यावर सोडायचे? पैसे बँकेतूनच द्या. एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन योजना) येणार असेल तर परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीत, नाव कुणाचं ते आधी बघा. खोली पाडली की अडकतं ते भाडेकरूचं डिपॉझिट.