रेडिओ ऐकणारे उरलेत, ऐकवणारे कमी झालेत

मोबाईल आला, लोकांनी रेडिओ सोडला, म्हणून आकाशवाणीचे स्थानिक कार्यक्रम बंद पडले, हे मला अर्धंच पटतं. माणूस रिटायर झाला की ती जागा भरायचीच नाही, मग रेकॉर्डिंगला गावात जाणार कोण? कॅज्युअल, म्हणजे तात्पुरत्या, निवेदकांवर ढकलगाडी चालते, आणि तेही परवडेना की दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम रिले करून मोकळे.

२०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून सकाळी ७.१० चं बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा आदेश निघालाच होता की, लोकांनी बोंब मारली तेव्हा स्थगिती मिळाली. कुणी ऐकतच नसेल तर एवढी ओरड झाली असती का? त्यात खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही, म्हणजे रेडिओवर जिल्ह्याची बातमी द्यायची तर आकाशवाणीनेच, दुसरं कोणी नाहीच.

आमच्याकडे सांगली केंद्र म्हणजे हळद-गुळाचे बाजारभाव, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम आणि बोलणारा आपल्याच भागातला, पाल्याला पालाच म्हणणारा. मुंबईहून रिले केलेल्या सल्ल्यात कोकणातला भात पण येतो आणि विदर्भातला कापूस पण, आमच्या द्राक्षावरच्या दावण्या रोगाचं काय ते राहूनच जातं.

आकाशवाणीच्या ॲपवर केंद्रं ऐकू येतात हे मान्य, आवाज पण मिडियम वेव्हच्या खरखरीपेक्षा चांगला. पण केंद्रावर नवीन काही रेकॉर्डच होत नसेल तर ॲपवर तरी काय ऐकायचं, तीच जुनी टेप?