डेलियाची जुनी चित्रं आणि 'अस्थिरता'

प्रश्न (धुळे):
थंडीत आमच्या गच्चीवर डेलिया छान येतो. मला तो व्हिक्टोरियन काळातल्या वनस्पतिचित्रांसारखा जलरंगात काढायचाय. इंग्रज चित्रकर्ती केट ग्रीनअवेच्या १८८४च्या 'फुलांची भाषा' या, फुलांचे सांकेतिक अर्थ देणाऱ्या कोशात डेलियाचा अर्थ 'अस्थिरता' दिलाय. एवढ्या रुबाबदार फुलाला असा अर्थ का?

उत्तर (जळगाव):
ताई, त्या अर्थांना फार धरून बसू नका. ते कोशागणिक बदलायचे. फुलाचा प्रवास मात्र बघण्यासारखा आहे. मूळ मेक्सिकोचा. माद्रिदच्या बागेत फुलला आणि १७९१मध्ये स्पॅनिश वनस्पतितज्ज्ञ काव्हानियेस यांनी स्वीडनचे वनस्पतितज्ज्ञ आंद्रेआस दाल यांच्यावरून त्याला नाव दिलं. बी लावलं तर रोप आईसारखं येईलच असं नाही, म्हणून माळ्यांनी निवडून निवडून शेकडो वाण काढले. व्हिक्टोरियन प्रदर्शनांत चेंडूसारखं गोल, रेखीव फूल मानाचं. टोकदार पाकळ्यांचा कॅक्टस डेलिया १८७२च्या सुमारास हॉलंडमार्गे आला.

काढताना एक लक्षात ठेवा, आपण जिला पाकळी म्हणतो ते स्वतंत्र फूल असतं. मी विद्यार्थ्यांना आधी एकच उपटून, भिंगाखाली बघून काढायला लावतो. मग अख्खं फूल, देठ आणि पानाची मागची बाजूसुद्धा. पार्श्वभूमी कोरीच ठेवा, ती भरायचा मोह फार होतो.

उत्तर (नंदुरबार):
सकाळीच बसा भो, आपल्याकडं दुपारी ऊन लागलं की फूल मान टाकतं. 'कर्टिस'च्या इंग्रजी वनस्पतिमासिकातली चित्रंही बघा. १७८७पासून निघालेल्या त्या मासिकात १९४८पर्यंत रंग हातानं भरत.

प्रश्नकर्ती:
उद्याच एक पाकळी, म्हणजे फूल, उपटते. लाल रंगाची सावली कशानं द्यायची, दादा?