मदत हवी आहे: ग्रामसभेची मत्स्यबीज हॅचरी, आणि तलावात सोडलेलं बीज जगलं की नाही ते मोजायचं कसं?

बोडीकाठ

नमस्कार मंडळी,

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामसभेला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत. लोकांना त्यातले बांबू आणि तेंदूपानच ठाऊक असतात, पण पाण्यातली मासळीही त्याच हक्कात येते. दोन मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव) आणि बऱ्याच बोड्या, म्हणजे लहान तळी, आमच्याकडे आहेत. दरवर्षी बीज विकत आणायला नको म्हणून आजूबाजूच्या गावांनी मिळून गोल टाक्यांची, चायनीज पद्धतीची लहान हॅचरी उभी केली. रोहू, कटला, मृगळ. मी आणि गावातली काही पोरं-पोरी मिळून ती चालवतो. माशांनी अंडी द्यावीत म्हणून इंजेक्शन देण्यात आता हात बसला आहे. अडचण त्याच्या पुढची आहे.

जूनच्या शेवटी पाऊस लांबला, तलावात पाणी नव्हतं, म्हणून एक खेप बोअरच्या पाण्यावर घेतली. अंडी चांगली फुगली, भिजलेल्या साबुदाण्यासारखी आरपार दिसत होती. पांढरी पडलेली अगदी थोडी. पंधरा-सोळा तासांत फुटलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी मात्र जिरे (अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्लं) तळाशी बसायला लागले, मधल्या जाळीला चिकटायला लागले, आणि तिसऱ्या दिवशी वाटीने मोजावं एवढंही उरलं नाही. जाळीच्या कापडावर तांबूस बुळबुळीत थर होता. तलावाच्या पाण्यावरच्या खेपांत असं कधी झालेलं नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. मोठा तलाव साधारण आठ हेक्टरचा. गेल्या पावसाळ्यात त्यात ४०,००० बीज सोडलं आणि उन्हाळ्यात मासळी निघाली फारच कमी. ग्रामसभेत विचारणा झाली, "चाळीस हजार टाकले म्हणता, मग गेले कुठं?" एक जण तर "बाहेर विकलं असंल" असंही बोलून गेला. मला त्याचा राग आला नाही. आकडा नसेल तर माणूस दुसरं काय म्हणणार? तलाव कोरडा करून मोजता येत नाही, खाली धानाला पाणी लागतं. मग कमी खर्चात, गावातल्या पोरांना जमेल अशी मोजणी कशी करायची?

आणि अर्धा प्रश्न: काही जण म्हणतात नाल्याच्या डोहांतही बीज सोडा. मला पटत नाही, पण का पटत नाही ते सभेत नीट सांगता येत नाही.

गोलटाकी

पहिल्याचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे: तांबूस थर. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह असतं. वर येतं तेव्हा पाणी स्वच्छ दिसतं, हवा लागली की लोखंडाचा गंज धरतो आणि तो अंड्यांच्या कवचावर, जिऱ्यांच्या कल्ल्यांवर बसतो. शिवाय बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी. म्हणजे जीव आधीच गुदमरलेला, वर हे.

खात्री करायची तर पांढऱ्या बादलीत बोअरचं पाणी रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी तांबडी साय दिसली की झालं.

उपाय महाग नाही. पाणी सरळ वरच्या टाकीत सोडू नका. पाइपाच्या तोंडाला भोकं पाडलेला डबा लावा, त्यातून एकावर एक ठेवलेल्या दोन-तीन जाळीदार ट्रेंवर धारा पडू द्या. ट्रेमध्ये खडी नाहीतर कोळसा. खाली टाकीत पाणी रात्रभर निवळू द्या, आणि हॅचरीकडे जाणारा नळ टाकीच्या तळापासून वीतभर वर बसवा, म्हणजे गाळ खाली येणार नाही. टाकी उघडी असेल तर वर शेडनेट टाका. आपल्याकडे जूनमध्ये टाकीतलं पाणी सहज ३३-३४ अंशांवर जातं. कार्पच्या अंड्यांना २७ ते ३० मानवतं. त्याच्या वर गेलं की अंडी लवकर फुटतात, पण जिरे वाकडे निघतात. खरं म्हणजे पाऊस नीट लागेपर्यंत थांबलेलंच बरं. रोहू-कटला पावसाळ्यातच पिकतात, त्यांच्यावर घाई करून काही हाती येत नाही.

तलावाचं पाणी घ्याल तेव्हा दुसरी काळजी. त्यात सायक्लॉप्स येतो, पाण्यात उड्या मारणारा ठिपक्याएवढा किडा. तो जिऱ्यांना टोचतो. ६० मेशच्या नायलॉन कापडातून गाळल्याशिवाय पाणी आत घेऊ नका.

जलचर_भंडारा

भाऊ, आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. बापजाद्यांपासून मामा तलावावर. दुसऱ्या प्रश्नाआधी मला तीन गोष्टी सांगा जी. चाळीस हजार म्हणता ते बोटुकली (बोटाएवढे वाढलेले) होते का नुसतं बारकं बीज? सांडव्याला जाळी होती का? आणि तलावात मरळ, लहान मासे खाणारी, किती?

बोडीकाठ

वहीत "बोटुकली" लिहिलं आहे, पण निम्म्याहून जास्त दीड-दोन इंचांचे होते. बोड्या भरायला उशीर झाला, वाढवायला जागा नव्हती. सांडव्याला बांबूची ताटी होती, ती ऑगस्टच्या पुरात गेली. मरळ भरपूर. लोकांना ती हवीच असते, बाजारात रोहूपेक्षा चांगला भाव आहे.

जलचर_भंडारा

मग कुठं गेले ते समजलं. काही सांडव्यावरून खालच्या धानाच्या बांध्यांत गेले, तिथं बगळ्यांनी खाल्ले. उरलेले मरळीनं. दीड इंचाचं पोर मरळीच्या तलावात सोडणं म्हणजे तिला जेवण वाढणंच. चार इंचाचं झाल्याबिगर मोठ्या तलावात टाकूच नये.

मरळ मारून टाका असं मी म्हणत नाही, ती आपली मासळी आहे आणि पैसाही देते. पण एक-दोन बोड्या वाढीसाठी राखून ठेवा. उन्हाळ्यात त्या आटवा, ओल राहिली तर मोहाची ढेप (तेल काढून उरलेली पेंड) टाका, तुमच्याकडे मोहाला काय तोटा! हेक्टर-मीटर पाण्याला, म्हणजे एक हेक्टरभर मीटरभर खोल पाण्याला, अडीच हजार किलो लागते. उरलेली बीज खाणारी मासळी मरते, आणि तीनेक आठवड्यांनी विष उतरून तीच ढेप खत होते. त्यात बीज दोन-अडीच महिने वाढवा, मग तलावात. बेशरम (तळ्याकाठी माजणारं झुडूप) वाढली असेल तर उपटा. आमच्याकडे भंडारा-गोंदियात बायकांच्या गटांनी बेशरम काढून तळ्यात जुन्या पाणवनस्पती लावल्या, तिथं मासळी परत आली.

मीनाक्षी_व

मोजणीसाठी सोपी पद्धत: सोडतानाच काही माशांचा पोटाचा एक पर (पोहायचा पंख) कात्रीने कापायचा. पुढे जाळ्यात पर कापलेले किती येतात त्यावरून एकूण संख्या काढता येते. पीटरसनचं सूत्र: खूण केलेले गुणिले दुसऱ्या वेळी पकडलेले, भागिले त्यांतले खूण असलेले.

तळ्याचा_हिशेब

मीनाक्षीताई, सूत्र बरोबर आहे, पण सोडताना खूण केली तर बोडीकाठ यांना हवं ते उत्तर मिळणार नाही. खूण केलेले आणि न केलेले सारख्याच प्रमाणात मेले, तर जाळ्यातलं प्रमाण तेच राहतं. म्हणजे गणित फिरून ४०,००० च सांगणार, सोडले तेवढे! आज किती उरले हे कळायला खूण आजच करायला हवी.

असं करा. डिसेंबर-जानेवारीत, पाणी गार असताना, ओढजाळ्याने मासे काढा. पर कापा, पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात बुडवा, एक रात्र हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिशवीत) ठेवा. मेलेले मोजून वगळा, बाकीचे तलावाच्या वेगवेगळ्या बाजूंना सोडा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा जाळं ओढा.

समजा ३०० ना खूण केली, दुसऱ्या वेळी २०० सापडले, त्यात १२ खुणेचे. ३०० × २०० ÷ १२ = ५,०००. चॅपमनची दुरुस्ती प्रत्येक आकड्यात एक मिळवते: ३०१ × २०१ ÷ १३, उणे १, म्हणजे साधारण ४,६५०. पण सभेत "चार हजार सहाशे पन्नास" असं ठासून सांगू नका. खुणेचे फक्त १२ सापडले असतील तर खरा आकडा तीन हजारांपासून नऊ हजारांपर्यंत कुठेही असू शकतो. तीस-चाळीस सापडतील इतकी खूण केलीत, तर अंदाज बराच आवळतो.

मीनाक्षीताईंची सोडतानाची खूण मात्र वाया नाही. दोन इंची बीजाच्या हजारांचा डावा पर कापा, चार इंची हजारांचा उजवा. (अगदी बारक्या बीजाला हे झेपत नाही, निदान दोन इंच हवेत.) चार-पाच महिन्यांनी जाळ्यात डावे किती, उजवे किती? जलचरभाऊ जे म्हणतात ते तुमच्याच तलावात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सिद्ध होईल किंवा खोटं ठरेल. मला तर एकूण आकड्यापेक्षा ही तुलना जास्त कामाची वाटते. त्यावरून पुढच्या वर्षी काय करायचं ते ठरतं.

आणखी दोन गोष्टी. बीज सोडाल त्या दिवशी त्यातलेच दोनशे तलावात हापा बांधून त्यात ठेवा आणि दोन दिवसांनी मोजा. प्रवासाने आणि पाणी बदलल्याने किती मेले ते वेगळं कळतं, नाहीतर त्याचं खापरही मरळीवर फुटतं. आणि दर महिन्याला फेकजाळ्याने तीस-चाळीस मासे काढून लांबी आणि वजन लिहा. जाळ्यात कमी मासे पण गलेलठ्ठ, तर बीज मेलं आहे. भरपूर मासे पण डोकं मोठं नि अंग बारीक, तर बीज जगलं आहे पण खायला नाही. दोन्हीत उन्हाळ्याला उत्पन्न कमीच येतं, उपाय मात्र उलटे. जाळं तेच, जागा त्याच आणि फेकीही तितक्याच ठेवा, नाहीतर एका महिन्याची दुसऱ्याशी तुलना होत नाही.

पाइन_आणि_पाणी

मी अ‍ॅरिझोनात राहतो. इथं व्हाइट माउंटन अपाची या आदिवासींच्या जमिनीवर अल्चिसे आणि विल्यम्स क्रीक अशा दोन जागी हॅचरी आहे. ट्राउटची, म्हणजे थंड पाण्याची. तिथं अंडी फुटायला महिना जातो, तुमच्यासारखे सोळा तास नाही! त्यामुळे हॅचरीचं तंत्र तुमच्या उपयोगाचं नाही, पण तुमच्या डोहाच्या प्रश्नाला तिथला इतिहास उपयोगी पडेल.

तिथल्या ओढ्यांत अपाची ट्राउट हा मासा आहे, जगात दुसरीकडे मूळचा कुठेच नाही. बाहेरून आणून सोडलेल्या ट्राउटनी त्याला खाल्लं, हुसकावलं, त्याच्याशी संकर केला. १९५५ मध्ये त्या जमातीने स्वतःहून डोंगरावरचे ओढे मासेमारीला बंद केले. सरकारी यादीत तो मासा 'संकटग्रस्त' म्हणून १९६७ मध्ये आला. पुढे ओढ्यांवर आडवे बांध घातले, म्हणजे खालचे परके मासे वर चढू नयेत, आणि वरचे परके मासे काढून टाकले. २०२४ मध्ये तो यादीतून बाहेर पडला. लोकांना पकडायला हॅचरीचे मासे सोडतात ते मुख्यतः तळ्यांत. वरचे राखीव ओढे मूळच्या माशासाठी.

तलाव लोकांनी बांधलेला, तिथं शेती करा. नाला शेतीची जागा नाही.

गोलटाकी

+१. त्यात भर: आपल्या हॅचरीत तीच ती नर-मादी वर्षानुवर्षं वापरली की बीजात एकाच घराण्याचं रक्त फिरत राहतं. एकाच टाकीत रोहू-कटला एकत्र सोडले की संकरही होतो. असं बीज तलावात गेलं तर वाढ खुंटते, तुमचं नुकसान. नाल्यातून नदीत गेलं तर रानच्या मासळीत मिसळतं, ते परत काढता येत नाही. दोन-तीन वर्षांनी निम्मे नर दुसरीकडून आणा, जमल्यास नदीतले. आणि कोणी थाई मांगूर आणून दिला तर तलावातसुद्धा घेऊ नका, त्यावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

बोडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बादली काल रात्री ठेवली होती. सकाळी तळाला बोट लावलं तर विटेच्या रंगाचं निघालं. ट्रेचं काम सुरू करतोय. गावाबाहेरच्या दोन बोड्या वाढीसाठी राखायचा विषय पुढच्या सभेत आणतो. डोहांचं आमच्याकडे आधीपासूनच आहे, काही डोहांत उन्हाळाभर कोणी जाळं टाकत नाही. तेच धरून सांगेन.

एक शंका. पर कापण्याला काही म्हाताऱ्या माणसांचा विरोध होईल, माशाला दुखवून परत सोडणं त्यांना आवडत नाही. आणि कापलेला पर परत येतो का?

तळ्याचा_हिशेब

येतो. अर्धाच कापलात तर काही महिन्यांत भरून येतो, मुळाशी कापलात तर वाकडा येतो नाहीतर येत नाही. आठ-दहा दिवसांच्या मोजणीला अर्धा पुरतो. डावा-उजवा तुलनेसाठी मुळाशी कापा, पण बुडख्यातलं हाड उपटू नका. छातीचा किंवा शेपटीचा पर नको, पोहायला तेच लागतात.

म्हाताऱ्यांचं म्हणाल तर पहिल्या दिवशी त्यांनाच तलावावर बोलवा. जाळं कुठं ओढायचं ते त्यांना विचारा. मासे कुठल्या कोपऱ्यात बसतात ते तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना ठाऊक असतं, आणि खुणेचे मासे त्यांनी स्वतः मोजले तर सभेत तुम्हाला बोलावंच लागणार नाही.

जलचर_भंडारा

आणि ताटी पुन्हा बांबूचीच लावायची तर दुहेरी लावा जी. पुढची पुरात गेली तरी मागची राहते. रोज सकाळी कचरा काढायला एक माणूस ठेवा, ताटी तुंबली की पाणी पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, जातं.