घरी भरलेले ४१० बोअरचे स्लग: तीन बार झकास, पुढचे पाच वाऱ्यावर

एकनळी_डेटन

मंडळी, डोकं खाजवून थकलो म्हणून विचारतो. मी ओहायोत, डेटनजवळ. गेल्या वर्षी हरणांच्या मोसमासाठी ४१० बोअरची (म्हणजे नळी ०.४१ इंच व्यासाची) एकनळी बंदूक घेतली. बिजागरीवर मोडून भरायची, नळी गुळगुळीत, चोक (नळीच्या तोंडाजवळचा निमुळता भाग) मॉडिफाइड म्हणजे मध्यम, टोकाला नेमासाठी पितळी माशी, आणि बाकी काही नाही. बाजारातल्या ३ इंची काडतुसातल्या पाव औंसाच्या स्लगांची (छर्ऱ्यांऐवजी असणारी एकच जड गोळी) भोकं ५० यार्डांवर जेवणाच्या ताटाएवढी पसरतात. म्हणून हिवाळाभर गराजमध्ये मऊ शिशाचे स्लग ओतले आणि भरणीच्या पुस्तकातली मापं तंतोतंत पाळून काडतुसं भरली.

शनिवारी रेंजवर गेलो. पहिले तीन बार अडीच इंचात! बायकोला फोटो पाठवला, तिने अंगठा पाठवला. मग त्याच डब्यातले पाच काढले, तर नऊ इंच. एक भोक तर कागदाच्या पार कडेला. स्लगांची वजनं पुन्हा केली, अर्ध्या ग्रेनचाही फरक नाही. वॉड (दारू आणि स्लगमधली गुट्टी) बदलू का चोक?

गणिताचे_मास्तर

आधी काहीच बदलू नका. तीन बारांचा ग्रूप, म्हणजे भोकांचा पसारा, फसवा असतो. बंदूक तीच, काडतूस तेच असलं तरी पाच बारांचा ग्रूप तीनपेक्षा सरासरी सव्वापट मोठाच येतो, दहाचा त्याहून मोठा. अडीच इंच ही तुमची लॉटरी होती. अर्थात नऊ इंच नुसत्या नशिबाने येत नाहीत, तिथे दुसरं काहीतरी आहे.

आणि मोजता कसं? लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या, त्यातून एका भोकाची रुंदी वजा करा. बरेच जण वजा करायचं विसरतात आणि मग शिशाला शिव्या घालतात.

निवृत्त_हवालदार

साहेब, नोकरीच्या सुरुवातीला आमच्या हाती ४१० मस्केटच होती. मूळची .३०३ एनफील्ड रायफल, नळीतले आटे (गोळीला फिरवणारे पेचदार चर) काढून गुळगुळीत केलेली. तिचं काडतूसही .३०३ च्या घाटाचं, तुमचं तिला चालणार नाही. पण तिला पुढे माशी होती तशी मागे नेम धरायची खाच होती. तुमच्या बंदुकीला खाच कुठाय? तिचं काम तुमचा डोळा करतोय, आणि डोळा राहतो गाल टेकेल तिथे.

हिशेब करा. डोळ्यापासून माशी साधारण ३६ इंचांवर. गाल दस्त्यावर १ मिलिमीटर वर टेकला तर ५० यार्डांवर ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच फरक. जाड जाकीट घातलं होतं का त्या दिवशी?

शिसेवाला

हवालदारसाहेबांशी सहमत, पण नळीचं मापही घ्या. ४१० च्या नळ्या एकासारख्या एक नसतात आणि कारखान्याचा स्लग मुद्दाम थोडा बारीक ठेवतात, कुठल्याही चोकमधून निघावा म्हणून. तो सैल पडला की नळीत कुठे टेकेल आणि तिरका सुटेल याचा नेम नाही. बंदूक रिकामी आणि उघडी ठेवून मऊ शिशाची गोळी मागून घालून लाकडी दांड्याने चोकच्या अलीकडेपर्यंत हळू ढकला, पुढून दांडा घालून मागेच बाहेर काढा आणि कॅलिपर लावा. चोकच्या मापासाठी दुसरी गोळी आरपार ढकला.

आणि स्लगवरच्या तिरक्या धारांनी तो गरगर फिरतो असं समजू नका. चोकमधून जाताना दबायला त्या असतात. १९३१ साली कार्ल फॉस्टरने हा स्लग आणला तो पुढून जड, मागून पोकळ. बॅडमिंटनचं फूल कसं बुडाने पुढे जातं, तसाच हा नाक पुढे ठेवून जातो.

एकनळी_डेटन

तीन आठवड्यांनी परत आलो. जाकीट होतंच, हवालदारसाहेब! पहिले तीन बार उन्हात नुसत्या शर्टावर काढले होते, मग ढग आले आणि ते चढवलं. नळीचं मापही घेतलं, माझा स्लग नीट बसतो.

स्वस्तातला रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच) बसवला, वाळूच्या पिशव्या घेतल्या. ५० यार्ड, पाच-पाचचे तीन ग्रूप, एक घरचा एक बाजारचा असे आळीपाळीने, म्हणजे नळी तापली तर दोघांनाही सारखीच. घरचे: ४, साडेचार, सव्वाचार इंच. बाजारचे: ५, पावणेपाच, ६. म्हणजे ते ताट बहुतेक माझ्या गालाचंच होतं. हिवाळाभर शिसं ओतून कमावला तो एक इंच.

गणिताचे_मास्तर

तीन-तीन ग्रूपांवर तो एक इंचसुद्धा मी अजून तुमच्या नावावर लावणार नाही.

एकनळी_डेटन

बावीस काडतुसं शिल्लक आहेत, मास्तर. रविवारी वारा नसला तर आणखी चार ग्रूप काढतो. बायकोला फोटो त्यानंतर.